वयस्कर माणसं सांभाळायचं काम (कोल्हापूर) : हो म्हणायच्या आधी काय विचारायचं?

कळंब्याची_मावशी

आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी या कामात यायचं म्हणतायत. प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "पगार किती?" प्रश्न चुकीचा नाही, पण पगार कामावर ठरतो आणि काम नेमकं कुठलं हे कुणी धड सांगत नाही. बायका पुरवणारा ब्युरोवाला फोनवर म्हणणार, "आजी एकट्याच असतात, नुसती सोबत पाहिजे." जाऊन बघावं तर आजींना कूस बदलायलाही माणूस लागतंय.

सोबत म्हणजे माणूस हिंडतंफिरतं आहे. वेळेवर गोळ्या, चार घास गरम, खाली बागेत एक चक्कर, बोलायला कुणीतरी. आधाराचं काम वेगळं. तिथं उठताबसता हात द्यावा लागतो, अंघोळ घालावी लागते. आणि अंथरुणावरचं पेशंट म्हणजे पॅड, स्पंज, युरिनची पिशवी, सगळंच. तिन्हीला ब्युरोत एकच नाव, केअरटेकर. तिन्हीला एकच पगार सांगतात तिथं तर मी जातच नाही.

मी फोनवर दोनच गोष्टी विचारते. संडासला आपल्या पायांनी जातात का? रात्री झोप लागते का? "कधीमधी उठवावं लागतं" असं उत्तर आलं की रोज उठवावं लागतंय असं धरायचं. पोरं खोटं बोलत नाहीत, त्यांनाच माहीत नसतं. पुण्यामुंबईहून दोन दिवस येतात तेव्हा आई त्यांच्यासमोर ताठ चालून दाखवते.

घर बघायला गेलं की चहाच्या आधी बाथरूम बघायचं. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत जुन्या घरांना संडास मागच्या बाजूला, मध्ये उंबरा, पायरी, ओली फरशी. ताराबाई पार्कात बंगला मोठा, पण आजोबांची खोली वरच्या मजल्यावर. पडायची जागा कुठली ते पहिल्याच दिवशी कळतं. दांडा बसवा, पायपुसणं काढा, रात्रीचा बारका दिवा लावा हे मी पगार बोलायच्या आधीच सांगते. ते ऐकलं की पुढचंही ऐकतील असा माझा अनुभव.

आणि घरकाम. पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली, एवढं माझं. सुनेच्या भिशीला वडे तळायचे, नातवाचा डबा भरायचा, ते माझं नाही. हे पहिल्या दिवशी हसत सांगितलं तर चालतं. महिन्यानं सांगितलं तर भांडण होतं.

आता पगार. सकाळी ८ ते रात्री ८, आधाराचं काम, मी स्वतः १५,००० घेते, घराकडून थेट. चोवीस तासांचं मी घेत नाही. तुम्ही घेत असाल तर झोपायचे तास कुठले ते आधी ठरवा.

लेक_मुक्काम_पुणे

मावशी, बरं झालं लिहिलंत. "आई ताठ चालून दाखवते" वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

आई राजारामपुरीत असते. ७८ वर्षं, गुडघे गेलेत, शुगर आहे, डोकं एकदम तल्लख. ब्युरोकडून बाई घेतली की महिना-दीड महिन्यात बदलते. नवीन आली की आईला पुन्हा सगळं पहिल्यापासून, कुठला डबा कुठं, चहात साखर किती. ब्युरो म्हणतो बाई टिकत नाही, बाई म्हणते ब्युरो पैसे कापतो. नेमकं काय असतं हो? आणि कॅमेरा बसवावा का? भावाचा आग्रह आहे.

बिंदूचौक

मला एक कळत नाही. अंथरुणावरचं पेशंट असेल तर द्या बाबा पैसे, कष्ट आहेत. पण नुसतं सोबत बसायचं, टीव्ही बघायचा, गप्पा मारायच्या, त्याला दहा-बारा हजार? आमच्याकडं बाई होती, वडील झोपले की दिवसभर मोबाईल. आमच्या आजीला कुणी पगारी माणूस लागलं नव्हतं.

कळंब्याची_मावशी

@बिंदूचौक, तुमच्या आजीला पगारी माणूस लागलं नाही, कारण घरात चार सुना होत्या. त्यांचा पगार कुणी काढला नाही एवढंच.

गप्पांचं म्हणाल तर एक सांगते. माझ्याकडं एक आजोबा होते, उजवी बाजू लकव्यानं गेलेली, बोलणं बंद. काही विचारलं की नुसतं "हां हां". घरातल्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं, त्यांना काही कळत नाही म्हणून. भिंतीवर जुना फोटो, पाटाकडील तालमीचा फुटबॉल संघ, मागच्या रांगेत हे उभे. सीझन सुरू होता. शाहू स्टेडियमवर मॅच होती, समोर दिलबहार तालीम. मी मोबाईलवर लावली आणि मुद्दाम म्हटलं, "आबा, आज दिलबहारच जिंकणार बघा." आबांच्या तोंडून अशी एक कडक शिवी आली! स्पष्ट, अक्षर न् अक्षर. सून स्वयंपाकघरातून पळत आली. तिला वाटलं काहीतरी झालं. झालं होतंच की.

त्या दिवसापासून घरातली माणसं त्यांच्याजवळ बसायला लागली. याला तुम्ही टीव्ही बघणं म्हणा. मोबाईलवर बसणाऱ्या बायका असतात, नाही कशाला म्हणू.

@लेक, ब्युरोचं सगळीकडं एकसारखं नाही. काही नीट आहेत. पण तुम्ही देता किती आणि बाईच्या हातात पडतात किती हे दोघींनी एकमेकींना विचारावं. माझ्या एका मैत्रिणीचा पहिला अर्धा पगार कमिशन म्हणून ठेवून घेतला, वर महिन्याला कापणं चालूच. मग दुसरीकडं पाचशे जास्त मिळाले की बाई जाणारच. आणि ब्युरोलाही बाई बदलली की नवीन फी मिळत असेल तर ती टिकावी असं त्याला कशाला वाटेल? फी कशाची ते कागदावर वाचा.

कॅमेरा हॉलमध्ये लावा, बाईला सांगून लावा. आई जिथं कपडे बदलते तिथं नको. आईला विचारलंत का?

निवृत्त_सिस्टर

आबांच्या शिवीला शास्त्र आहे. बहुतेक लोकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तिथं लकव्याचा झटका आला की उजवं अंग आणि बोलणं दोन्ही जातं. पण पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, आरत्या, शिव्या, पुष्कळदा शाबूत राहतात. म्हणून अशा पेशंटबरोबर आरती म्हणावी, एक ते वीस मोजावेत. आणि समजत नाही असं धरून त्याच्यासमोर इस्टेटीच्या गोष्टी करू नयेत.

मी अनेक वर्षं वॉर्डात काढली, निवृत्तीनंतर घरोघरच्या मावश्या बघतेय. काही गोष्टी लिहितेच.

वयस्कर माणसाला झोपेतून एकदम उभं करायचं नाही. आधी उठून बसवा, पाय खाली सोडा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग उभं. एकदम उठलं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. पहाटे बाथरूमला जाताना पडणारे बरेचसे याच कारणानं पडतात.

शुगरवाल्यांना घाम सुटला, हात थरथरले, काहीबाही बोलायला लागले तर आधी मशीनवर शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. मशीन नसेल तर साखर देऊन मोकळे व्हा. मात्र शुद्धीत असेल, गिळत असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, १०८ लावायचा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतोय, जीभ जड झाली, म्हणजे लकव्याची चिन्हं दिसली, तर "जरा पडू द्या, बरं वाटेल" हे नको. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

अंथरुणावरच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या. लाल झालेलं बोटानं दाबलं आणि तरी लालच राहिलं तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. तिथं तेल चोळू नका. आपल्याकडं मालिशची फार हौस, पण आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं.

आणि जेवण. झटका येऊन गेलेल्यांना पाणी, ताक, चहा यांचाच जास्त ठसका लागतो, घट्ट पदार्थ बरा उतरतो. घास फुप्फुसात गेला की न्यूमोनिया. ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटा घास, जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवायचं.

नाकातली नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं ही मावश्यांची कामं नाहीत. इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनानं कमी-जास्त करणं तर अजिबात नाही. घरचे म्हणतील, "एवढं करा की." नाही म्हणायचं.

कळंब्याची_मावशी

सिस्टर, तुमचा हा निरोप मी सगळ्या बायकांना पाठवणार.

ठसक्यावरून आठवलं, एका काकांना दर रविवारी पांढरा रस्सा पाहिजेच. पातळ, प्यायला की ठसका. डॉक्टर बंद करा म्हणाले, काका दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यात भाकरी कुस्करून, मऊ होईपर्यंत भिजवून, चमच्यानं भरवायला लागले. डॉक्टरांना विचारलं, चालेल म्हणाले. काकांनी तांबड्याचीही मागणी केली. ती मात्र नामंजूर.

फाउंड्रीवाला

भावांनो आणि तायांनो, मी शिरोली एमआयडीसीत होतो, मोल्डिंगला. वय ४४. कंपनीनं माणसं कमी केली. मेव्हणा म्हणतोय हॉस्पिटलात वॉर्डबॉय नाहीतर घरी पेशंट सांभाळायचं बघ. लाज वाटत नाही, पण पुरुषाला हे काम कोण देतं का ओ? आणि शिकायला कुठं लागतंय का?

कळंब्याची_मावशी

दादा, पुरुषांना बायकांपेक्षा लवकर काम मिळतं. अंगानं दणकट आजोबा, त्यांना उचलायचं, अंघोळ घालायची, बायका पुरत नाहीत. आणि त्यांना लाजही वाटते. जुना तालमीतला गडी, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेला, खासबागेत कुस्त्या मारलेला. त्याला परक्या बाईनं लंगोट, आता पॅड, बदललेलं कसं चालेल? एका घरात मला आजोबांनी काठी उगारली होती. त्यांच्याकडं रात्रपाळीला पोरगा ठेवला तर दुसऱ्या दिवसापासून त्यालाच डाव शिकवत बसले.

मोल्डिंगला होता म्हणजे वजन उचलायची सवय आहे. पण माणूस काखेत हात घालून ओढायचा नाही, खांदा निखळतो. ते शिकून घ्या.

निवृत्त_सिस्टर

शिकायचं असेल तर जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड असे कौशल्य विकासाचे कोर्स असतात. प्रवेशाआधी एकच विचारा, प्रत्यक्ष वॉर्डात किती दिवस उभं करणार? नुसत्या खोलीत बसवून फळ्यावर शिकवणार असतील तर सर्टिफिकेट मिळेल, हात बसणार नाही. पेशंटला बेडवरून खुर्चीत घेणं, अंथरुणात पेशंट असताना चादर बदलणं, हातांची स्वच्छता, बीपी-शुगर मोजून वहीत लिहिणं, एवढं पक्कं झालं पाहिजे.

गडहिंग्लजकर

वहीचा विषय निघालाच आहे तर माझा पण अनुभव. आईला विसरायचा आजार आहे. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून बॅग भरते. स्वतःच्याच घरात! वडील समजावतात, "अगं हेच घर", ती चिडते, रडते. मावशींच्या वहीत रोज लिहिलेलं, पाच-साडेपाचला सुरू. तुम्ही लोक काय करता?

कळंब्याची_मावशी

पटवून द्यायच्या मागं लागायचं नाही. त्यांचं घर म्हणजे बहुतेक माहेर असतं. मी म्हणते, "जाऊया की. कागलची गाडी सहाला आहे, तोवर चहा घेऊ." चहा होतो, मग चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, येताना माहेरी कोण कोण आहे ते विचारते. घरात शिरताना म्हणतात, "आलो बाई एकदाचं." दिवे अंधार पडायच्या आधीच लावा. सावल्या बघून घाबरतात. दुपारी फार झोपू देऊ नका. आणि एकाएकी फार वाढलं, दोन-तीन दिवसांतच, तर लघवीला जळजळ आहे का ते डॉक्टरांना बघायला सांगा. इन्फेक्शननंही असं होतं.

आता एक अवघड गोष्ट लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. काही म्हातारे हात लावतात. अंघोळ घालताना, आधार देताना. विसरायच्या आजारात कधी कधी माणसाचा आवर सुटतो, त्याला भान नसतं. तिथं हात बाजूला करायचा, त्याचं लक्ष दुसरीकडं वळवायचं, घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं. पण डोकं शाबूत असलेला माणूस मुद्दाम करतो तेव्हा ती "वयाची गोष्ट" नसते. किंवा म्हाताऱ्याचा मुलगा करतो. बायका पगार जाईल म्हणून गप्प बसतात.

कागदपत्र_काका

कामगार कार्यालयात नोकरी झाली, म्हणून लिहितो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. घर हेच तिचं कामाचं ठिकाण. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं, शक्यतो तीन महिन्यांच्या आत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते. अंगाला हात लावणं हा पोलिसांत जायचाही गुन्हा आहे.

बाकी, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या, घरात काम करणाऱ्या कामगारांची नोंदणी होते. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड २०२१ पासून आहे, तेही काढा. आणि घरच्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, पोलीस पडताळणी म्हणाले, तर राग मानू नका. त्यात तुमचंही संरक्षण आहे. ज्येष्ठांना स्वतःला कुणी त्रास देत असेल, मग बाई असो की पोटचा पोरगा, तर १४५६७ ही हेल्पलाईन आहे.

कळंब्याची_मावशी

काका, चोरीच्या आळावर एक माझ्याकडून. आजींच्या पाटल्या, कपाटाची किल्ली, एटीएमचा पिन, यातलं काहीच आपल्याकडं घ्यायचं नाही. दागिने घरच्यांनी आधीच काढून न्यावेत. आजी स्वतःच पाटली उशीच्या अभ्र्यात लपवतात आणि चार दिवसांनी "बाईनं नेली" म्हणतात. भाजी-औषधाचा हिशोब त्याच वहीत, बिल चिकटवून.

बिंदूचौक

वहीचं पटलं. आमच्याकडं कुणी लिहून ठेवत नव्हतं. कुठली गोळी दिली, कुठली नाही, यावरूनच रोजची वादावादी. पगाराचं मत मात्र अजून तेच आहे, सांगून ठेवतो.

फाउंड्रीवाला

ठेवा की. आम्ही मॅच लावून बसतो.

एक शंका. पावसाळ्यात काय करायचं? मी राहतो आंबेवाडीला. पंचगंगा चढली की आमचाच पत्ता नसतो.

कळंब्याची_मावशी

हे आधी बोलून ठेवाच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं पोरालाही पाठ आहे. २०१९ ला माझी एक मैत्रीण शाहूपुरीत ड्यूटीवर अडकली, पेशंट अंथरुणावरचं. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बाहेर काढलं, हिनं औषधांची पिशवी डोक्यावर धरली. तेव्हापासून ती जूनमध्येच घरच्यांना सांगते. औषधं पंधरा दिवसांची पुढं, रिपोर्टची फाईल प्लास्टिकमध्ये, एअर बेड वीज गेल्यावर बसतो म्हणून खाली साधी गादी, आणि पाणी चढायला लागलं की पेशंट आधीच वर कुणाकडं न्यायचं ते घर ठरलेलं. तुम्ही आंबेवाडीचे, तर इशाऱ्याच्या पातळीलाच शहरात मुक्काम हलवायचा का, त्या दिवसांचे जादा किती, ते लिहून घ्या.

आणि अजून एक, जे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. पेशंट गेलं की आपलं काम त्याच दिवशी संपतं. घरात रडारड, कुणाला पगार मागायचा? आपल्यालाही वाईट वाटलेलं असतं, शेवटची अंघोळ आपणच घालतो कितीदा. पण पुढच्या महिन्याचं घरभाडं थांबत नाही. मी सुरुवातीलाच सांगते, असं काही झालं तर पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. पहिल्यांदा सांगताना तोंडातून शब्द निघत नव्हता. आता निघतो. समंजस घरं देतात, काहीजण तर तेराव्याला जेवायला बोलावून पुढचं काम पण बघून देतात.

लेक_मुक्काम_पुणे

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आईशी काल फोनवर सगळं बोलले. कॅमेऱ्याला ती नाही म्हणाली, "मी काय गुन्हेगार आहे का?" भावाला आता तीच सांगणार आहे. ब्युरो सोडून थेट बाई बघायची असं ठरवतोय. सुट्ट्यांचं कसं असतं?

कळंब्याची_मावशी

आठवड्याला एक. त्याचे पैसे कापायचे नाहीत. ती कुणाच्या सोयीनं घ्यायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. खरी ओढाताण गौरी-गणपतीला आणि दिवाळीत होते. तुमच्याकडं पाहुणे, तेव्हाच बाईच्या घरी गौरी. बदली माणूस आधीच बघून ठेवा, आणि तो एक दिवस बाई असतानाच येऊन आईला भेटून जाऊ दे. आमच्या मागच्या गल्लीतली एक चांगली आहे, पूर्वी दवाखान्यात आया होती. शुगरचं मशीन येतं, राजारामपुरीला केएमटीच्या बसनं थेट येईल. निरोप पाठवते, पगार तुमचं तुम्ही बोला.

लेक_मुक्काम_पुणे

नक्की पाठवा. गौरीला मी स्वतः येतेय तीन दिवस, दिवाळीत भाऊ. ते दिवस त्यांना सुट्टी. शनिवारी कोल्हापुरात आहे, त्यांना दुपारी तीननंतर यायला जमेल का? आई दोन वाजता आडवी होते.

कळंब्याची_मावशी

साडेतीनला येईल म्हणतेय. बाथरूम आधी बघेल, राग मानू नका.